पाच अंश

बोकडाचं नाव हैबती.
सोमवारी सकाळी सातला मुरली धायगुडे त्याला पुढे आणतो,
मी बेचाळीस अंशांच्या पाण्याची नळी धरते
आणि आम्ही दोघंही बघत राहतो
लोहगावहून उठून मांजरीवरून जाणाऱ्या विमानाकडे.

पाऊण मिलिलिटर. दाट, सायीसारखं.
भिंगाखाली नुसत्या लाटा,
मेंढरांचा कळप खिंडीत शिरताना
पाठीच पाठी दिसाव्यात तशा.

मग अंड्याचा बलक, साखर, क्षार.
अंडी कोपऱ्यावरच्या दुकानातली,
वहीत नोंद : प्रयोगासाठी, नग चार.
पांढरं मुरलीच्या तव्यावर जातं, त्याची नोंद नाही.
मग दोन तास घेऊन पाच अंशांवर आणायचं,
मांडीवर निजलेलं पोर
गादीवर ठेवतात तितक्या सावकाश.

गारठ्याने मरतात थोडे.
बाकीचे आपल्याच श्वासाने.
बागवान मॅडम सांगत होत्या,
त्यांच्या कातडीत तेल असतं,
ते खवट होतं,
डब्याच्या तळाशी राहिलेल्या शेंगदाण्यांसारखं.

म्हणून शेवगा. आवारामागचाच,
ज्याच्या शेंगा दरवर्षी वॉचमन नेतो.
पाला सावलीत वाळवला, अर्क काढला,
अ नळीत काहीच नाही,
ब मध्ये थोडा,
क मध्ये त्याच्या दुप्पट.

अठ्ठेचाळीस तासांनी पोहणारे :
अ, बावीस टक्के.
ब, अठ्ठावन्न.
क, एकोणीस.

क पुन्हा मोजली. परत एकोणीस.
मॅडम हसल्या. म्हणाल्या, थोडी आग लागतेच गं,
सगळीच विझवलीस तर
बीजाच्या दाराशी पोचतील
आणि कडी न वाजवता उभे राहतील.

घरी मुलीचा डबा उघडला.
काळं पडू नये म्हणून मी लिंबू चोळलेलं सफरचंद
तसंच परत आलेलं, पांढरंशुभ्र.
आई, आंबट लागतं.

ब मधलं थर्मासात भरून
मुरली वेल्ह्याच्या एसटीत बसला.
कंडक्टरने विचारलं, काय आहे?
औषध, म्हणाला.
पानशेत फाट्याच्या अलीकडे टायर बसला,
तो थर्मास पोटाशी धरून
बाभळीच्या सावलीत तासभर उभा.
तिथे एक काळी शेळी माजावर होती,
कालपासून ओरडत होती म्हणे.
तिचं काय झालं
ते चाळीस दिवसांनी कळेल.

शुक्रवारी नळ्या धुवायच्या होत्या.
अ चा एक थेंब उगाच काचेवर घेतला.
सगळे स्तब्ध,
एक सोडून. तो एका जागी गोल फिरत होता,
कुठेही न जाता,
शेपूट अर्धवट वाकलेलं.

वहीत लिहिलं : शून्य टक्के.
नियमाने तेच बरोबर.
भिंगाखालचा दिवा तसाच राहू दिला
आणि चहा घेऊन आले.