अकरा फ्रेम

एका आकड्यापासून पुढल्या आकड्यापर्यंत
फिल्मच्या कडेला सोळा फ्रेम असायला हव्यात.
इथं पाचच.
साकीनाक्याला तिसऱ्या मजल्यावर
भर दुपारी अंधार करून बसलेली मी
पुन्हा मोजते.
पाचच.

रीळ चौथं. डबा उघडला तेव्हा
व्हिनेगरचा वास मजलाभर पसरलेला.
आता ते स्कॅन होऊन माझ्या पडद्यावर आहे,
वास वजा.
सॉफ्टवेअर धूळ टिपतं, ओरखडे बुजवतं,
आणि खिंडार दिसलं की विचारतं, भरू?
मी म्हटलं, भर.
चहा येईस्तोवर भरून झालं.
खिडकीशी उभी असलेली नायिका
जिथं झटक्यात मान वळवायची
तिथं आता सावकाश वळवते
आणि वळवताना एकदा पापणी मिटते.

डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत, विटक्या निळ्या शाईत :
कटिंग – शा. विजयकर.
शोधायला तीन फोन पुरले.

दहिसरला, नदीच्या अंगाला,
शालनताई, वय एकोणऐंशी.
मी पिशवीतून टॅब काढला
तशी ती उठली आणि पंखा बंद केला.
मग स्वतःशीच हसली.
"सवय गं. वरळीच्या लॅबमध्ये मे महिन्यातसुद्धा पंखा नसायचा.
धूळ उडते ना.
गजरा नाही, बांगड्या नाहीत, पावडरचं तर नावच नको.
एडिटर काय, वर्कप्रिंट शंभरदा तोडायचा,
शंभरदा जोडायचा.
सगळ्यांचं भांडून झालं की निगेटिव्ह माझ्याकडे.
माझं पातं एकदाच.
तिथं माफी नव्हती."

मी रिळाचा नंबर सांगितला.
पुढचं विचारायच्या आतच ती म्हणाली,
"खिडकीशी ना? तो जोड माझा.

पातं सरकलं. अकरा फ्रेम फाटल्या, भोकांसकट.
आवाजाच्या पट्टीतूनही मग
अकरा फ्रेम शांतता काढून घेतली, बरोबरी व्हावी म्हणून.
कुणाला बोलले नाही.
प्रिंट बघताना दिग्दर्शक खुर्चीतून उठला.
मी म्हटलं, गेली नोकरी.
तर तो म्हणतो कसा,
हे मला सुचलं कधी?
पुढं कुठल्याशा मासिकात छापूनही आलं,
तो झटका म्हणजे म्हणे काळाला गेलेला तडा.
कात्रण असेल कपाटात."

तिनं चष्मा पुसला. टॅब मांडीवर घेतला,
दोन्ही हातांनी, कडांना धरून,
काचेला बोट लागू न देता.
पाहिलं.
पुन्हा लाव म्हणाली.
पुन्हा.

"ही पापणी कुणाची?"

मी सांगू लागले : आधीची फ्रेम, नंतरची फ्रेम,
मधलं यंत्र अंदाजानं...
"ते कळलं.
पण हिनं डोळे मिटले नव्हते.
ती कॅमेऱ्याकडे बघत होती. चुकून. एक निमिष.
मी भिंगाखाली पाहिलंय, फाटलेल्या तुकड्यात.
दोन दिवस रुमालात ठेवला होता तो,
मग लॅबच्या मागच्या गटारात टाकला."

बाहेर भंगारवाल्याची हाळी.
आम्ही दोघी गप्प. पडद्यावर ती बाई
पुन्हा पुन्हा पापणी मिटते आहे,
जिची तिलाच खबर नाही.

"हे आता काढता येतं?"
येतं.
"आणि परत घालता?"
घालता येतं. कितीही वेळा.
शालनताई उजव्या अंगठ्याचं नख
तर्जनीवर घासत राहिली,
जणू तिथं वाळलेलं सिमेंट आहे.
"मग ते कापलं कधी म्हणायचं?"

शुक्रवारी फाइल द्यायची आहे.
निर्मात्याच्या नातवाला पापणी आवडली आहे,
फार नॅचरल, असं त्यानं अंगठ्यासकट कळवलंय.
मी दोन्ही ठेवल्यात, मिटलेली आणि तुटलेली,
एका बटणाच्या अलीकडे-पलीकडे.
रात्री दीडला ते बटण दाबते,
पुन्हा दाबते.

त्या दिवशी निघताना टॅब पिशवीत गेला,
चेन लागली,
तेव्हा कुठं तिनं उठून पंखा लावला.