शंभराला एक

हिंदूमामाकडं दोन पट्ट्या होत्या.
एक जगाची.
दुसरी त्याची, पोलादी, कडेला झिजलेली,
तिच्यावरचा प्रत्येक सेंटीमीटर जरासा लांब.

"बीड थंड झालं की आटतं बग,
शंभराला एक.
म्हणून पॅटर्न आधीच थोरला करायचा."
उद्यमनगरातल्या त्या पत्र्याखाली, भुशात मांडी घालून
चहा बशीत ओतता ओतता त्यानं हे सांगितलं.
मी नववीत होतो.
मला वाटलं, लोखंडाबद्दल बोलतोय.

सागवानात तो पंपाचं पोट कोरायचा,
इंजिनाचं डोकं, पुलीचे आरे.
फौंड्रीवाले ते वाळूत दाबून अलगद काढून घेत
आणि उरलेल्या पोकळीत लाल रस ओतत.
म्हणजे त्याच्या हातचं लाकूड कुणी विकत घेतलंच नाही.
गिऱ्हाइकाकडं गेली ती त्यानं सोडलेली जागा,
आणि शिरोळकडच्या मळ्यांत
वर्षानुवर्षं फटफटत राहिली.

उसने पाचशे मागितले
तर पाचशे पाच द्यायचा.
"वरचे पाच कशाला?"
"आटत्यात की रं, घरी जास्तवर."

डाव्या हाताचं अर्धं बोट करवतीनं नेलं.
तंबाखू मळताना ते अर्धंही कामाला असायचं.
निवृत्त झाल्यावर एकदा कारखान्यात जाऊन
कॉम्प्युटरवर चालणारं नवं मशीन तासभर बघत उभा राहिला.
घरी आल्यावर मामीला म्हणाला,
"काम बेस करतंय. शीळ घालत न्हाई तेवढंच."
मग गल्लीतल्या सगळ्यांचे पाट, पोळपाट, पाळणे
न मागता दुरुस्त करत सुटला.

पंचगंगेवर त्याला शेणींवर ठेवला.
जन्मभर लाकडात राहिलेला माणूस,
आणि जाताना एक ढलपीसुद्धा नाही.
सदाशिव लोहार, त्याचा जुना मोल्डर,
धुराकडं बघत पुटपुटला,
"हिंद्या, ह्यात किती आट धरलायस?"
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.

पट्टी माझ्याकडं आली.
परवा लेकीनं तीच दप्तरात घालून नेली.
भूमितीच्या वहीत बाईंचा लाल शेरा:
सर्व रेषा थोड्या मोठ्या. पुन्हा काढ.

ती रडवेली झाली होती.
मी तिला नवी पट्टी आणून दिली, प्लॅस्टिकची, पाच रुपयांची.
वहीचं ते पान मात्र
हळूच फाडून घेतलं.