गालिच्यावरचे मासे

आलिआच्या किनाऱ्यावर जहाजं नावं पुसूनच येतात.
रंगाखाली एखादं अक्षर उरतं, तेवढंच.
मग मी नावं ठेवते. दोन्ही अर्थांनी.

पहिलीला म्हातारी म्हटलं.
सगळीकडे अक्रोडाचं लाकूड, पितळी कठडे
जिन्याच्या वळणांवर हातांनी झिजून उजळलेले.
दिवे इतके मंद, की जेवणाची यादी वाचायला
काडी ओढावी लागत असेल.
वाचनालयात अजून पाइपच्या तंबाखूचा वास.
खुर्च्या दोघांनी उचलायच्या.
माझा दीर तुंजाय म्हणाला, वहिनी,
ह्यांत माणूस बसत नसेल, स्थानापन्न होत असेल.

दुसरी नवरी.
नवरीसारखीच, अंगावर रिकामी जागा म्हणून नाही.
आरशांसमोर आरसे, मुलाम्याच्या पऱ्या,
काचेची लिफ्ट, आणि सात मजले लोंबणारं झुंबर.
त्याचे लोलक आम्ही दोन दिवस मोजले,
अकरा हजारांवर कंटाळलो.
जुगाराच्या दालनात छतावर आकाश रंगवलेलं, ढगांसकट.
खरं बाहेर फुकट होतं,
पण त्या दालनाला खिडकी नव्हती.

तिसरी तरुण. साथीच्या वर्षी मोडीत आली,
गाद्यांवरचं प्लास्टिकही कुठे कुठे तसंच.
पांढरं, राखी, वाळूचा रंग, पुन्हा पांढरं.
भिंतीवर दगडावर दगड रचल्याचं चित्र,
चारशे खोल्यांत चारशे वेळा तेच.
सोफ्यावर टेकलं की वाटायचं,
आत्ता कोणी नाव पुकारेल
आणि हातात रिपोर्ट देईल.
तिचं नाव इस्पितळ.
सगळ्यात आधी खपतं ते तिचंच सामान.
आयवालिकच्या गुल्तेनबाई, तीन हॉटेलांच्या मालकीण,
हात फिरवून म्हणतात, किती शांत वाटतं.
मी होय म्हणते. दुकान चालवायचं असतं.

खाली, पाण्याच्या रेषेखाली मात्र
तिघी सख्ख्या बहिणी.
तोच फिका पिस्ता रंग, तीच ट्यूबलाइट,
एकावर एक दोन बिछाने, वर हात पोचेल इतकंच छत.
एका बिछान्याच्या पत्र्यावर पेन्सिलीच्या रेघा,
पाच पाचाच्या जुड्या, कुणीतरी मोजलेले दिवस.
असा पत्रा वजनावर जातो.

घरी मी एकच गोष्ट आणली. नवरीची.
तिच्या बोळांत अंथरलेला निळा गालिचा,
त्यावर हजारो मासे, सगळ्यांची तोंडं एकीकडे.
तुंजायने सांगितलं, ही नुसती नक्षी नव्हे.
मासे जातात तिकडे नाळ, जहाजाचं नाक.
इतक्या आरशांत माणूस हरवणारच, म्हणून ही सोय.

सासरे, इद्रिसबाबा, चाळीस वर्षं
सार्डिनच्या मागे काळोखात होडी घालत होते.
कधी चुकले नाहीत.
आता रात्री न्हाणीघर शोधताना
कपाट उघडून उभे राहतात.

मी चार मीटर कापून
त्यांच्या पलंगापासून न्हाणीच्या दारापर्यंत अंथरला.
रात्री पावलं ऐकली. बरोबर गेली.
दिवा लागला. पाण्याचा आवाज झाला.
मग काहीच नाही.

उठून पाहिलं, तर दारातच उभे,
पायांकडे बघत.
परत यायला मासे नव्हते.
मला म्हणाले, पोरी,
बंदर आलं असेल तर उतरवून घे मला.

सकाळी गालिचा मधोमध उभा चिरला,
एक पट्टी उलटी फिरवली, जाड दोऱ्याने जोडली.
आता उजवीकडचे मासे जातात,
डावीकडचे येतात.
बाबाही त्यांच्याबरोबर जातात, येतात,
शिस्तीत, कड न सोडता.

शिवण जरा वाकडी झाली आहे.
गुल्तेनबाईंनी पाहिली
तर नावं ठेवतील.