कान

मिल बंद होऊन कैक वर्षं झाली. भोंगा नाही,
माग भंगारात गेले,
पण अनंत चतुर्दशीला झांकी निघते.
पैसा कुठून येतो विचारू नका.
यंदा निवडणूक, म्हणून जरा जास्तच आला.

देवांचे चेहरे मी रंगवतो, आणि शेवटी पाटी:
मूर्ती अमुक, रोषणाई तमुक,
तळाला एकतीस वर्षं तीच ओळ,
"हालचाल : लियाकत मिस्त्री."
जणू देव, मगर, अप्सरा,
सगळ्यांच्या हालचालीचा जिम्मा
बंबई बाजारातल्या एका माणसानं उचललाय.

गजेंद्रमोक्ष ही त्याची खास.
मागाचं जुनं दातेरी चाक,
त्याचे तीन दात कानशीनं घासून काढलेले,
म्हणून हत्तीचा कान दोनदा हले
आणि थांबे.
कुणी हाक मारल्यासारखा.
तेवढ्यापुरती जेल रोडवरची पोरंही
शिट्ट्या थांबवत.

जुलैत काहीतरी झालं.
कोणी म्हणतं आधी दगड, कोणी म्हणतं आधी घोषणा.
चार दिवस शटरं खाली.
मग समितीच्या बैठकीत पुराणिक
चहात बिस्कीट बुडवत म्हणाले,
"आमच्या मनात तसं काही नाही हो.
पण वातावरण बघा."
मी बघितलं.
पंखा फिरत होता. अकरा माणसं होती, बारावा मी.
बिस्कीट तुटून कपात पडलं
तरी कोणी काही बोललं नाही.

पाटी रंगवली.
तळाची ओळ लिहिली नाही
आणि तिथे दुसरं नावही घातलं नाही.
एवढीच माझी मर्दुमकी:
नऊ इंच कोरा पिवळा.
लोकांना वाटलं, रंगाऱ्याचा अंदाज चुकला.

देवासचा एक पोरगा चायना मोटर बसवून गेला.
झांकी कुठे अडली नाही, बिघडली नाही,
उलट पहिलं बक्षीस मिळालं.
कान तेवढा हलत राहिला
टेबलफॅनसारखा.
रात्री अडीचला, नंदलालपुऱ्याच्या वळणावर,
नातीला खांद्यावर घेऊन तो फुटपाथवर उभा.
मी ट्रॉलीवर, लाइटच्या झोतात, गळ्यात हार.
त्यानं स्वतःच्या कानाला हात लावला
आणि बोट हलवलं: नाही.
मी हार काढला. तोवर ट्रॉली पुढे गेली होती.

दिवाळीनंतर गोदामातून तो कान सोडवला.
चौकीदाराला म्हटलं, उंदीर लागलेत.
तीन फूट प्लायवूड, वर कापड, आतून गुलाबी,
स्कूटरला आडवा बांधला.
कृष्णपुऱ्याच्या पुलावर बॅरिकेड.
"क्या है भिया?"
"कान."
"किसका?"
मला पटकन उत्तर सुचेना.
मागे हॉर्न वाजायला लागले.
शिपायानं कापडावर टिचकी मारून पाहिली,
स्वतःशीच हसला, दोरी हलवली.

दुकानाचं शटर अर्धं वर. मी वाकून आत गेलो,
कान मात्र वाकेना, तिरका करून घ्यावा लागला.
मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलंच नाही.
कानाकडे पाहिलं.
"गुलाबी जास्त झालाय," म्हणाला.
एकतीस वर्षांत माझ्या रंगावर
हा त्याचा पहिला शब्द.
मी म्हटलं, हो, झालाय.
पाटीचं बोलायला तोंड उघडलं,
त्यानं मिक्सरचं भांडं बाजूला सारून स्टूल पुढे केलं.
पुढच्या वर्षाचं विचारलं तर म्हणाला,
"पुढच्या वर्षी हे दुकान इथे असेल का, ते बघू आधी."

नातीनं कानाच्या गुलाबीत तोंड घालून
काहीतरी सांगितलं.
थोडं थांबली. पुन्हा सांगितलं.
मला ऐकू आलं नाही,
कारण मिस्त्री पत्र्याचे डबे उलटेपालटे करत
कानस शोधत होता.