रुमालाखाली

हजेरी घेताना सर माझ्या नावापाशी थबकतात.
"मगदूम आदगोंडा..." आणि पुढे एक अर्धवट "काका",
जो मस्टरवर नाही.
बाकीचे "येस सर" म्हणतात, मी "हजर" म्हणतो.
सर एकोणतीस वर्षांचे, मी अठ्ठेचाळीस.
त्यांच्या लग्नातली हळद आमच्याच पेढीवरून गेली असेल,
अजून विचारलं नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात तेवीस वर्षं
माझा उजवा हात रुमालाखाली होता.
वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा,
खाली बोटं बोटांना सांगायची
शेकडा किती, वर दहा किती,
थांब, नको, दिला.
माणूस हसत असला तरी करंगळी घाबरलेली असायची.
ते मला कळायचं. त्याचाच पगार होता.

मग एक दिवस भाव पडद्यावर यायला लागला.
शेठजींच्या मुलानं खुर्ची दिली, चहा दिला,
"मामा, बघा कसं सोपं झालंय," म्हणत
एक बटण दाबून दाखवलं.
एकच बोट लागलं.

घरी कुसुमनं विचारलं, "आता?"
म्हटलं, "बारावी सायन्स आहे की माझं."
ती हसली नाही.
ट्रंकेतनं मार्कशीट काढली, घडीवर फाटलेली,
आणि मागून चिकटपट्टी लावत बसली.

मिरजेचं कॉलेज. लॅबचा डिप्लोमा. दोन वर्षं.
रक्त, लघवी, थुंकी.
पहिल्या दिवशी भिंगाखाली पाण्याचा थेंब दाखवला,
तर आप्पा आठवले,
दुपदरी फडक्यातून पाणी गाळणारे,
मग ते फडकं परत विहिरीतच खळबळणारे,
"असतंय रे काहीबाही जिवंत त्यात."
भिंग नव्हतं त्यांच्याकडे.
हे बघून त्यांना बरं वाटलं असतं की वाईट,
मला ठरवता येईना. तोवर स्लाईड वाळली.

डोक्यात राहत नाही.
न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट,
सिटी बसमध्ये पुटपुटतो;
विश्रामबागला उतरणारी म्हातारी
जप समजून वाट देते.
थंडीत दिवस लवकर बुडतो,
म्हणून प्रॅक्टिकल सुटलं की स्टँडवरच डबा उघडतो,
एक डोळा भाकरीवर, एक सूर्यावर.
पहिल्या चाचणीत वीसपैकी सहा.
पोरगा म्हणाला, "बाबा, पालकांची सही मी करू का?"

एकदाच न विचारता बोललो.
कावीळ झालेल्याचं रक्त फिरवून ठेवलं होतं,
नळीत वरचा पिवळा थर.
सर म्हणाले, अंदाज करा किती असेल?
मी म्हणालो, "राजापुरी. पॉलिश न केलेली."
वर्ग हसला. मीही.
पण रंग तोच होता.

काल शीर शोधायचा तास होता.
निलोफर तांबोळीचा हात काडीसारखा,
तिघांनी मोबाईलचा टॉर्च मारून पाहिलं,
निळं काही दिसेना.
ती भिंतीवरचा तक्ता वाचत होती,
तीच ओळ पुन्हा पुन्हा.
सर म्हणाले, "बघू नका. चाचपा."

मी डोळे मिटले.
कोपराच्या खळग्यात बोट ठेवलं.
वर तोंडानं विचारलं, "गाव कुठलं, पोरी?"
"कवठेमहांकाळ."
"पाऊस?"
"कुठला पाऊस, काका."
खाली, बोटाखाली, काहीतरी
जरा दबलं, परत उसळलं.
थांब.
नको.
दिला.

नळी भरत आली तेव्हा ती म्हणाली, "टोचलं का?"
म्हटलं, "झालं. कापूस दाबून धर."

उद्या पांढऱ्या पेशींची परीक्षा आहे.
मोनोसाइट मला अजून
लिम्फोसाइटसारखाच दिसतो.