पावणेदोन

मंगळवारी रात्री अकराला आम्ही नवं रूप सोडलं,
बुधवारी सकाळी सहाला पहिली शिवी आली.
शिवी म्हणजे, इथली:
"अभिनंदन. चालत असलेलं बंद पाडायलाही कौशल्य लागतं.
— दि. वा. गोवंडे, कर्वेनगर."

बाणेरला केकच्या दुकानावर आमचं ऑफिस.
सात माणसं, कॉफीचं एक कुरकुरं यंत्र,
आणि उत्तरं देणारी मी.
खालून दिवसभर लोण्याचा वास येतो
आणि मी लिहीत राहते:
आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

दुपारपर्यंत तीनशे चाळीस.
कुणाला रंग मेणचट वाटला, कुणाला अक्षरं मुंगीएवढी.
एकाने विचारलं, माझे अर्धवट ऐकलेले भाग कुठे गेले?
(गेले नव्हते. डावीकडे सरकवलं, की मग वर, की मग आत.)
एकीने फक्त लिहिलं: "का?"
त्याला माझ्याकडे साचा नव्हता.

मार्केट यार्डात पहाटे तीनला
टेम्पो लावून नंबराची वाट बघणारा इरफान तांबोळी
आवाजच पाठवतो, मागे हमालांचा गलका:
"ताई, आधी अंधारात बटण हाताला लागायचं.
आता पांढराफेक उजेड पडतो डोळ्यात,
आणि किल्ल्याची गोष्ट सांगणारा माणूस
दरवाज्यातच गप्प होतो."

शालन काळभोर, मांजरी बुद्रुक,
खानावळीला रोज दोनशे भाकऱ्या:
"माझे हात पिठात. मी कोपराने थांबवायचे.
तुमचं नवीन बटण कोपराला दिसत नाही."

कोपराला दिसत नाही.
मी ते फळ्यावर लिहिलं.
हे सगळं ज्याने आखलं तो निषाद हसला,
मग हसायचा थांबला.
अडीच महिने त्याने चौकटीच्या कोपऱ्यांची गोलाई मोजली होती.
कोपर कुणीच मोजलं नव्हतं.

आणि संध्याकाळी, नारायण पेठेतल्या अभ्यासिकेतून,
प्रज्योत ढेकळे, स्पर्धा परीक्षा, चौथा प्रयत्न:
"मॅडम, वेग तीनच ठेवलेत. एकपट, दीडपट, दुप्पट.
दीडवर माझा अभ्यासक्रम संपत नाही,
दोनवर डोक्यात शिरत नाही.
मी पावणेदोनचा माणूस आहे."

तो वेग काढा, असं मीच म्हटलं होतं.
बैठकीत आकडा होता, शंभरात तीन जण वापरतात.
तीनच ना, म्हटलं मी, आणि बिस्किट उचललं.

बाबांना पाउणकी पाठ होती, छडी खाऊन.
आमच्या वेळी ती पुस्तकातून गेलेली,
कुणाच्या बैठकीत, कुणाच्या बिस्किटासोबत, माहीत नाही.

रात्री वारज्याच्या घरी कणीक भिजवली.
फोन ओट्यावर उभा केला, डब्याला टेकवून.
कोपर पुढे केलं.
थांबलं नाही. गादीची जाहिरात लागली.
पुन्हा केलं. कुणालातरी पाठवायचं का, असं विचारलं त्याने.
तिसऱ्यांदा फोन परातीत,
आणि कणकेतून एक बाई शांतपणे
श्वासावर लक्ष द्या म्हणत राहिली.

शुक्रवारी आम्ही बटण खाली आणलं, रुंद केलं.
पहाटेसाठी काळी पाटी.
पावणेदोन परत.
बदलांच्या नोंदीत निषादने लिहिलं: किरकोळ सुधारणा.

शालनताईंनी काही कळवलं नाही,
म्हणजे भाकऱ्या होत असाव्यात.
गोवंड्यांनी कळवलं:
"बरं आहे. पहिल्याइतकं नाही.
तारे अख्खेच द्यावे लागतात, म्हणून चार दिले आहेत.
पावणेचार समजावेत."

राहिली ती "का?" वाली.
तिचा निरोप अजून उघडा आहे माझ्यापुढे.
आपला अभिप्राय, एवढं लिहिते,
आणि खोडते.