वायर उचलणारा

दाजींचा फोन आला तेव्हा मी मागावर होतो,
ताण्यातला तुटलेला धागा शोधत.
"लिंबाद्री, एक बांबू आण. लांब.
टोकाला बेचकं असलेला."

अशोक चौकात गाडी उभी होती.
गाडी म्हणायचं म्हणून.
तोंड वळलेलं, आणि शेपटाला वळायला
अजून अर्धा तास.
पांढरी, काचा काळ्या, पोटावर निळी लाट रंगवलेली.
आमच्याकडे लाट येते ती उन्हाचीच.
पायरी आपोआप बाहेर आली, पायरीवर दाजी.
"आत दोन बाथरूम आहेत, बेड गोल आहे,"
मग जरा हळू,
"आता ही आत न्यायची कशी?"

संक्रांतीला काठ्या निघतात
तेव्हा मंडळाची माणसं आधीच येऊन
तारा उतरवून बाजूला बांधतात,
अख्खं गाव मान वर करून
बाराबंदीतल्या गड्याचा तोल बघतं.
हा मे महिना. मंडळाचं कुणी नाही.
मी, आणि बांबू.

केबलची वायर उचलायची,
गाडी खालून सरकू द्यायची,
पळत पुढं जायचं, पुढची उचलायची.
वाळत घातलेल्या साड्या.
वास्तुशांतीचं तोरण.
निवडणूक संपून राहिलेल्या पताका.
राजव्वाच्या पन्हळीचा पत्रा
गाडीनं इतका अलगद नेला
की तिला दुपारपर्यंत पत्ता नाही.

दाजींसमोर चार पडदे, चारी बाजू दिसतात.
वरची बाजू माझ्याकडे.

मागं रिक्षा, पाण्याचा टँकर,
विड्या द्यायला निघालेल्या बायका.
एकजण तेलुगूत जे बोलली
ते मी इथं लिहीत नाही.

आमच्या बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली
ती थांबलीच. घर अजून नव्वद पावलं आत.
दाजींनी वायर ओढली, आमच्या बोर्डात खोचली,
गाडीतला एसी घुरघुरला,
आणि गल्लीतले सगळे माग एकदम गप्प.
अशी शांतता मी लहानपणी संपात ऐकली होती.
मग शिव्या सुरू झाल्या, नावानिशी.

आईनं पेटीतली मोराची डबल चादर काढली,
लेकीच्या बेडवर घालायला.
एकदा घातली, फिरवून घातली,
चारी कोपरे बाहेर लोंबत राहिले.
"गोलाला काठ कुठला धरायचा गं?"
अक्का हसली. मग हसणं थांबवून
काचेवर नखानं टकटक करत म्हणाली,
"ही उघडत नाही."

महिनाभर फिरतायत दोघं.
"विजापूर झालं?"
"झालं."
"घुमट कसा आहे?"
"लांबून गोल."
रस्ता अरुंद म्हणून हंपी राहिलं,
पूल कमजोर म्हणून आणखी एक गाव राहिलं,
त्याचं नाव तिला आठवेना.
मोठे पेट्रोलपंप मात्र तोंडपाठ.
कुठल्या पंपावर टाकी रिकामी करू देतात,
कुठल्यावर हाकलतात.
दाजी हप्ता सांगत नाहीत. मी विचारला नाही.
आमच्या आठ मागांचा मिळून किती
तेवढा हिशेब मनात केला आणि सोडून दिला.

सकाळी निघाले. वळायला जागा नाही,
म्हणून आलेल्या वाटेनं, उलटं.
मी बांबू घेतला.
अक्का चढली नाही.
चादरीची घडी डोक्यावर घेऊन
माझ्या बाजूनं चालत राहिली,
कुणाचं लग्न झालं, कोण वारलं विचारत,
राजव्वाच्या दाराशी थांबून
पत्र्याचे पैसे तिच्या मुठीत कोंबत.
दाजी हॉर्न वाजवत होते.
"वाजू दे," ती म्हणाली.
चौकाच्या अलीकडे शेवटची वायर.
चादर तिनं माझ्या खांद्यावर टाकली.
"इकडे दे. एक मी उचलते."

दोन्ही हात वर, पदर कमरेला खोचलेला,
बांबू थरथरतोय,
आणि खालून ते पांढरं
जातंय, जातंय,
अजून जातंय.